दीपप्रज्वलन करणाऱ्यांची नावं तेवढी छापली

मा. संपादक, स.न.

कालच्या अंकात पान तीनवर अग्निशमन सेवा दिनाची बातमी वाचली. समई कोणी पेटवली, गुच्छ कोणी दिले, सूत्रसंचालन कोणाचं, आभार कोणी मानले, अकरा नावं मोजली मी. आणि ज्यांच्यासाठी हा दिवस पाळतात त्यांना शेवटची अर्धी ओळ, 'शहीद जवानांना श्रद्धांजली वाहण्यात आली'. बरं झालं, तेवढी तरी जागा उरली.

माझे मामा मुंबईच्या फायर ब्रिगेडमधून रिटायर झाले, आता आमच्याकडे डिचोलीलाच असतात. ज्यावरून हा दिवस पाळतात त्या 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच बोटीत भरलेला होता, आग लागली, बंबवाले दुपारपासून पाणी मारत होते आणि चार वाजून गेल्यावर बोटच उडाली, फायर ब्रिगेडचेच 66 जण गेले, हे ते दरवर्षी सांगतात. पण 2015 च्या काळबादेवीच्या आगीबद्दल फार बोलत नाहीत. 9 मेच्या त्या रात्री टीव्हीसमोरून उठलेच नाहीत, जेवण तसंच झाकून राहिलं. राणे, देसाई, अमीन, नेसरीकर. चौघेही फायर ब्रिगेडचे ऑफिसर, नेसरीकर तर चीफ, बाहेर उभं राहून वॉकीटॉकीवर हुकूम सोडले असते तर कोणी काय म्हणणार होतं? दोघे इमारत कोसळली तेव्हाच गेले, दोघे नंतर हॉस्पिटलात.

तेव्हापासून मामांची खोड अशी की कुठल्याही हॉलात गेले की वधूवर राहिले बाजूला, आधी मागचं दार बघायचं. दोन वर्षांमागे माझ्या मुलीच्या लग्नात मागच्या दाराला साखळी आणि कुलूप, वर खुर्च्यांची थप्पी. मॅनेजर म्हणतो, 'काका, हांगा चोर येतात, जेवणाची भांडी नेतात.' चावी कोणाकडे तर आचाऱ्याकडे, आणि आचारी गेलेला बर्फ आणायला! मंगलाष्टकं चालू आणि मामा सोवळं नेसलेल्या भटजींच्या मागून स्वतः खुर्च्या उचलतायत, व्याही माझ्याकडे बघतायत. मला इतकी लाज वाटली की मी त्यांना सगळ्यांसमोर ओरडलो, 'मामा, आज तरी बसा हो!' ते बसले. पण दाराकडे तोंड करून. ते मला अजून खुपतं.

गेल्या महिन्यात त्याच हॉलात मुंजीला गेलो होतो. साखळी तीच, कुलूप नवं. तुमचा वार्ताहर समईच्या फोटोसाठी एवढा वेळ उभा राहतो, एकदा मागच्या दाराकडे जाऊन फोटो काढेल काय? हॉलचं नाव मी फोनवर सांगतो, इथे लिहिलं तर तुम्ही छापणार नाही, त्यांची पानभर जाहिरात असते.

आणि शब्दकोडं सोमवारचंच बुधवारी परत आलंय, मामांनी दोन्ही सोडवली.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डिचोली