सिंधूची नाईट सोडून देणाऱ्या बाईंना

बाई, सादर नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील, म्हणून जरा मोठ्या आवाजात लिहिते आहे.

1991 च्या जत्रेत आमच्या गावाने 'एकच प्याला' लावलं होतं. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पुरुषांची कामं गावातल्यांनी करायची आणि स्त्रीपात्रं बाहेरून नाईट, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचे पैसे, देऊन आणायची. नटी येणार ती थेट रंगीत तालमीला. तुम्ही पत्र्याची पेटी घेऊन बसमधून उतरलात. आमचा सुधाकर दोन महिने घोकूनही अडखळत होता आणि तुम्ही सिंधूचं काम करता करता त्याची वाक्यं हळूच पुरवत होतात. दुसरी नटी वेळेवर पोचली नाही, म्हणून चहा घेऊन आलेल्या मला तुम्ही गीतेची वाक्यं वाचायला लावलीत. तेवढंच. रात्री प्रयोगाला मी खाली चटईवर बसले होते.

पुढच्या वर्षी लोकाग्रहास्तव पुन्हा तेच नाटक ठरलं. मंडळी आगाऊ पैसे घेऊन तुमच्याकडे आली, तर तुम्ही ते परत केलेत. "गांवांत चली आसा, म्हाका कित्याक आपयतात?" (गावात मुलगी आहे, मला कशाला बोलावता?) एवढंच म्हणालात, असं मला नंतर कळलं. तुमचं घर त्या नाईटवर चालायचं, हेही नंतरच कळलं. जत्रांचे मोजके महिने आणि त्यातली एक रात्र तुम्ही मला देऊन टाकलीत.

आमच्या घरात मात्र वादळ झालं. चांगल्या घरातली मुलगी रंगावर जाणार? तुम्ही स्वतः येऊन बाबांसमोर बसलात. म्हणालात, 1919 साली सिंधू पहिल्यांदा केली ती बालगंधर्वांनी, पुरुषाने. ती महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. 1933 साली मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' झालं, त्यात गोव्यातल्या आपल्याच बांदोड्याच्या ज्योत्स्ना भोळे होत्या, त्यांचं कुणी काय वाईट केलं? बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरचं जातं (आम्ही त्याला दांतें म्हणतो) खांद्यावर घेऊन त्यांनी देवळाच्या अग्रशाळेत, तिथल्या उतरण्याच्या खोल्यांत, नेऊन ठेवलं.

कारण जातं तुम्ही मागितलं होतं. सिंधू दळते तो प्रवेश. मंडळाकडे पुठ्ठ्याचं जातं होतं, ते तुम्ही बाजूला सारलंत आणि मला दोन रविवार खरे नाचणे दळायला बसवलंत. वाक्य एकही नाही, नुसतं दळण. तळहाताला फोड आले. तिसऱ्या रविवारी म्हणालात, आता बोल. खुंटा पुढे लोटताना श्वास जातो, जवळ ओढताना येतो, आणि वाक्य त्या श्वासावर कुठे तुटतं ते मला न शिकवता समजलं. मग पुठ्ठ्याचं जातं आणलंत. हात जड झालेलेच होते.

आणि ते दुसरं. "निमाणें उतर गिळूं नाका गो." (शेवटचा शब्द गिळू नकोस गं.) मराठीचं क्रियापद शेवटी येतं आणि नवखा नट नेमका तिथेच दम सोडतो. मग मागच्यांना कळत नाही, तो जाणार आहे की जाणार नाही. तुम्ही मला देवळाच्या पायऱ्यांपाशी, जत्रेत खाजेकार, म्हणजे खाजं विकणारा, बसतो तिथे नेलंत. म्हणालात, त्याच्या तराजूपर्यंत शब्द पोचला पाहिजे. मी आता प्राथमिक शाळेत शिकवते, पोरं वाचताना क्रियापद खातात आणि माझ्या तोंडून दरवेळी खाजेकार निघतो. पोरांना वाटतं, बाईंना भूक लागली.

पहिल्या प्रयोगात चौथ्या अंकात माझा पदर जात्याखाली अडकला. तुम्ही विंगेत होतात, स्वतःच्या पैशांनी आलेल्या. मी घाबरून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही फक्त हाताने दळण्याची खूण केलीत. मी दळत राहिले, पदर आपोआप सुटला.

एक गोष्ट मला अजून टोचते. त्या काळी प्रयोगानंतर नटीचं पान वेगळं मांडायचे. टाळ्या मांडवात आणि पान पडवीत. माझं पान मात्र आत मांडलं, मी गावची म्हणून. मी तेव्हा उठून तुमच्याशेजारी येऊन बसायला हवं होतं. बसले नाही.

यंदा जत्रेला पुन्हा 'एकच प्याला' आहे. सिंधू गावातलीच एक पोर करते आहे, गीता माझी लेक. प्रॉम्प्टिंगला तुम्ही बसायचं आहे. डोळे अधू झाले म्हणून नको म्हणू नका, तुम्हाला पुस्तक कधी लागलं? गाडी पाठवते. जेवणाचं पान माझ्या शेजारी आहे, आणि नाईट घ्यावी लागेल.

तुमची,
दळणवाली