डॉ. एलिझाबेथ बिक यांना जाहीर आभारपत्र

आदरणीय बिक मॅडम,
सादर नमस्कार.

आपली ओळख नाही. तरी संशोधन पेपरांमधली संशयास्पद चित्रं शोधण्याच्या तुमच्या कामामुळे माझ्या पीएचडीची काही वर्षं वाचली.

ज्या पेपरवर आमचा सगळा प्रकल्प उभा होता, त्यातला निकाल आमच्या लॅबमध्ये काही केल्या येत नव्हता. माझा हात कच्चा आहे, असं सरांचं मत. माझंही हळूहळू तेच झालं होतं. मग तुम्ही जाहीरपणे सोडवून दाखवलेली उदाहरणं पाहून मी त्या पेपरमधले वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे नमुन्यातली प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चित्रं, तपासायला बसले. कॉन्ट्रास्ट वाढवला, पट्ट्यांच्या कडा पाहिल्या, पार्श्वभूमीवरचे डाग जुळवले. दोन वेगळ्या प्रयोगांच्या म्हणून छापलेल्या चित्रांत एकच ओरखडा! एक चित्र फक्त उलटं फिरवलेलं.

पण खरी शिकवण पुढची. तुम्ही कुणाला चोर म्हणत नाही, "ही दोन चित्रं सारखी दिसतात, मूळ फोटो दाखवाल का?" एवढंच विचारता. सरांशी मी त्याच भाषेत बोलले. विद्यार्थिनीने नावाजलेल्या पेपरवर बोट ठेवणं आपल्याकडे सोपं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. सरांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि तो प्रकल्प बंद केला.

कुणी नेमलेलं नसताना तुम्ही ही गुप्तहेरी करता, २०१९ पासून तर नोकरी सोडून. त्याआधीच २०,६२१ पेपर नुसत्या डोळ्यांनी चाळून, त्यातल्या जवळपास ४ टक्क्यांमधली चित्रं संशयास्पद असल्याचं तुम्ही २०१६ मध्ये दोन सहकाऱ्यांसह दाखवलंत. २०२० मध्ये तुम्ही आणि टोपणनावाने काम करणाऱ्या काही जणांनी ब्लॉटमधल्या, बेडकाच्या पिलांसारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांवरून चारशेहून अधिक बनावट पेपर पाडून विकणारा कारखानाच उघडा पाडलात. बढतीसाठी पेपर हवा, मग तो विकत का घेऊ नये, हा हिशोब आपल्याकडेही परका नाही.

याचं बक्षीस काय? करोनावर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध चालतं म्हणणाऱ्या फ्रेंच पेपरवर प्रश्न विचारले म्हणून त्याच्या लेखकांपैकी दिदिए राऊल यांच्याकडून सरकारी वकिलांकडे तक्रार. तो पेपर अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, म्हणजे करोनाची लाट ओसरून गेल्यावर! जर्नलांच्या संपादकांचा हा निवांतपणा मला बनवाबनवीइतकाच खटकतो. तुम्ही मात्र नाव न लपवता लिहीत राहिलात. २०२४ मध्येच आइनस्टाइन फाउंडेशनचा, संशोधनाचा दर्जा जपण्यासाठीचा पुरस्कार तुम्हाला मिळाला, तेव्हा लॅबमध्ये आम्ही सामोसे मागवले होते.

तुम्ही टाकता ती 'सारखी चित्रं ओळखा' कोडी आम्ही चहाच्या वेळी सोडवतो. सर आमच्या आधी ओळखतात, हे मात्र सहन होत नाही. जरा अवघड कोडी टाका.

मनापासून आभार.

आपली नम्र,
पुण्यातली एक संशोधक विद्यार्थिनी