अण्णांनी पेपर टाकलेत

बाळ्या,

सहा महिने ना फोन ना मेसेज, शिव्या घाल, हक्कच आहे तुझा. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू. पण अण्णांनी पेपर टाकलेत, राजीनामा दिलाय, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू.

रात्रीची ती सेटलमेंटची बॅच आठव, दिवसभराचे व्यवहार मिटवणारे ते प्रोग्राम. आपण दोघं कोबोलच्या त्या जुन्या कोडमध्ये डोकं आपटून दमलो की अण्णा चष्मा कपाळावर सरकवून यायचे, प्रिंटआउटवर पेन्सिलीने गोल करायचे, "एकतीस तारीख आली की हे इथे असं वागतं." हे कुठेच लिहिलेलं नाही रे.

वरच्यांनी दुप्पट पगार देऊ केला, बोनस वेगळा, आणि मनवायला मला पाठवलं. काल टपरीवर चहा थंड होईपर्यंत अण्णा गप्प. मग म्हणाले, "पैसे नकोत. दोन वर्षं एक पोरगं मागत होतो, शेजारी बसवायला." बाळ्या, बिलेबल नाही, त्या पोराचे पैसे क्लायंटकडून मिळणार नाहीत म्हणून दोन्ही वेळा नाही म्हणणारा मीच.

आता चढ्या पगारावर तिघं घेतली. एक आमची ऑफर दाखवून दुसरीकडे गेला. उरलेली दोघं हुशार आहेत, वादच नाही, पण त्यांना समजावण्यात अण्णांचा दिवस जातो आणि काम तिथेच. आयबीएमच्या ओएस/३६० वर फ्रेड ब्रुक्सने हेच भोगलं, १९७५ ला लिहूनही ठेवलं, की रखडलेल्या प्रोजेक्टात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. ट्रेनिंगला घोकलं होतं आपण!

२०२२ मध्ये तू हाईक घेऊन उडी मारलीस तेव्हा पार्किंगमध्ये केवढे भांडलो (माझं हेल्मेट अजून तुझ्याकडेच आहे). तू म्हणालास, पैसा टाकला की माणूस मिळतो. मिळतो रे, पण शेजारच्या कंपनीतून! त्या मार्चच्या तिमाहीत इन्फोसिसचंच ॲट्रिशन, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २७.७ टक्के होतं, सगळे एकमेकांची माणसं ओढत होते, आणि फ्रेशरला मात्र वर्षानुवर्षं तेच साडेतीन लाख. मग अण्णांसारखी माणसं तयार कुठून होणार? पण तुझंही खरं होतं, पगार नीट नसता तर अण्णा केव्हाच गेले असते. तेव्हा कबूल केलं नाही मी.

आजपासून नव्या दोघांतली धाकटी रोज तीन ते पाच अण्णांच्या शेजारी बसतेय, बिलिंग गेलं खड्ड्यात, तसं मेलवर लिहून दिलंय. आज ती स्वतः पेन्सिल घेऊन बसली होती. अठ्ठावीस दिवस उरलेत. पुरतील का रे?

पिल्लूचं बारसं चुकलं, वहिनींची माफी मागायचीये. काकूंचा गुडघा कसा आहे?

अण्णांच्या शेवटच्या दिवशी ये. त्यांनी दोनदा विचारलंय तुझ्याबद्दल.

तुझा,
पम्या