बस खाली!

वेंगेन, स्वित्झर्लंड

प्रिय गड्या,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोनही तसेच राहिले. रागव, पण आधी हे वाच. बायकोला सांगून पाहिलं, तर म्हणाली, "पोरीला थोडंसंच लागलंय, सोड ना आता." तिला कळायचं नाही ते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर ती आपल्याबरोबर नव्हती.

लेकीला स्की शिकवायला आठवडाभर इथे आलोय. माथेरानसारखंच मोटारी नसलेलं गाव. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची गाडी १२७४ मीटरवर आणून सोडते. पहिले तीन दिवस गावातल्याच उतारावर वर्ग झाले. स्कीची पुढची टोकं जवळ आणली की 'पिझ्झा', म्हणजे वेग कमी. समांतर ठेवली की 'फ्राईज', म्हणजे सुसाट. गुडघे वाकवायचे, नडग्या बुटांवर दाबायच्या आणि अंग दरीकडे झुकवायचं, हे शिक्षिका दिवसभर घोकून घेते. मागे रेललं की स्कीच्या टोकांवरचा भार जातो आणि मग त्या आपलं ऐकत नाहीत.

चौथ्या दिवशी क्लाईने शायडेगला गेलो, २०६१ मीटर. समोर आयगर शिखर! तुझ्या खोलीतल्या भिंतीवर होता तोच. १९३८ च्या चढाईची गोष्ट सांगत किती रात्री तू मला झोपू दिलं नाहीस. तू इथे हवा होतास रे.

लेक निळ्या, म्हणजे सोप्या, उतारावरून येत होती, मी खाली उभा. तिचा वेग वाढला आणि माझ्या तोंडून आरोळी गेली, "मागे रेल! बस खाली!" गड्या, ती आरोळी तुझी. नळीच्या वाटेच्या घसाऱ्यात तू मला घातलेली. (वाट तूच चुकवली होतीस, हे मी मरेपर्यंत म्हणणार.) तेव्हा मी बूड टेकवलं, टाचा रुतवल्या, म्हणून आज आहे. इथे पोरीने माझं ऐकलं. मागे रेलली, स्की पुढे निसटल्या, मनगटावर आपटली.

मोडलं काही नाही, मुरगळलंय.

पण पापण्यांवर बर्फाचे कण, डोळ्यांत पाणी, आणि म्हणते काय, "बाबा, मी पिझ्झा करतच होते."

रात्रभर डोळा लागला नाही. पोहायला शिकताना काठ सोडू नकोस, असं मीच म्हणालो होतो. सहा महिने तिने काठ सोडला नाही. ज्या भीतीने मला वाचवलं ती मी पोरीच्या अंगात उतरवतोय का? तू तेव्हा माझ्या पायांकडे बघून ओरडला होतास. मी तिच्या पायांकडे पाहिलंच नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा यायचं, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलंय. तेव्हा तू येशील? मी वर थांबतो, खाली तू उभा राहा.

तुझाच

ता. क. आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? आणि बदलीचं काय ठरलं? सविस्तर लिही.