तहसीलदार

सांगली, रविवार रात्र

प्रिय विन्या,

आठ महिने तुझा फोन उचलला नाही, त्याबद्दल आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. माझी तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, आई ठीक. झालं.

मंगळवारी एक गोष्ट झाली. ती सुमीला सांगता आली नाही, तुला सांगायची आहे. फोनवर जमणार नाही, कारण तू मध्येच 'हां हां' करतोस आणि मी घाईघाईने आवरतं घेतो. पण मंगळवारच्या आधी तहसीलदार.

आठवला का? मे २०१६, पुणे. 'सिव्हिल वॉर' या सुपरहिरोंच्या पिक्चरचा रात्रीचा शो सुटला आणि आपण पार्किंगमध्ये पाऊण तास भांडलो. बाकीची पोरं कॅप्टन अमेरिका बरोबर की आयर्न मॅन यावरून हमरीतुमरीवर आलेली, आणि तुझा हेका एकच, अख्ख्या पिक्चरमध्ये खरा माणूस फक्त झेमो. मी म्हणालो, हा व्हिलन आहे की तहसीलदार? ना चिलखत, ना हातोडा. कॉमिकमध्ये निदान जांभळा मुखवटा तरी असतो, इथे कोट घालून जुन्या फायली गोळा करत हिंडतोय. या हिरोंच्या लढाईत बायको-पोरगं गेलेला माणूस अंथरुणातून उठत नाही रे, आणि हा व्हिएन्ना, बर्लिन, सायबेरिया करतो? याचं बुकिंग कोण करतं? सगळे खदखदून हसले. तूही हसलास. तेव्हा राजूला जाऊन दीड वर्ष झालं होतं, हे माझ्या डोक्यात आत्ता गेल्या आठवड्यात आलं.

गेल्या रविवारी आदित्यने तोच पिक्चर लावला. मी शेजारी लसूण सोलत बसलो होतो. हॉटेलच्या खोलीत झेमो फोन कानाला लावून बायकोचा निरोप ऐकतो, ते दृश्य आलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, घरी बायको वाट बघतेय, बिचारा कामावर आहे. ती वर्षापूर्वीच गेलेली असते, हे पार शेवटी कळतं. आदित्यने विचारलं, "बाबा, हा सारखा सारखा तोच मेसेज का ऐकतो?" स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सुमी बाहेर आली नाही.

तिला माहीत आहे. माझ्या फोनमध्ये नानांचा सत्तावीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज आहे. "अरे, मी नाना बोलतोय." नाव वर दिसत असलं तरी ते दर वेळी हे सांगायचेच. "दळण टाकलंय गिरणीत, येताना घेऊन ये. पाच किलो आहे, तो चार म्हणेल." मग रेकॉर्डिंग बंद कसं करायचं ते कळत नाही, म्हणून सपाता घासल्याचा आवाज, मागे बातम्या, आणि "बंद झालं का हे?" मी खरं तर तेवढा शेवटचा तुकडाच ऐकतो. रोज. गाडीत.

सुमीने मला एकदा मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं होतं. बाई चांगल्या होत्या. दुःख लांबलं तर त्यालाही आता आजार म्हणून नाव आहे म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत त्यासाठी सहा महिन्यांची अट आहे आणि अमेरिकन डॉक्टरांच्या पुस्तकात वर्षाची. म्हणजे अमेरिकेत असतो तर सहा महिने जादा रडायची सवलत मिळाली असती. मला आता पावणेदोन वर्षं झाली, मी दोन्हीकडे पास. झेमो पण पास.

त्या रात्री तू जे सांगत होतास आणि मी जे ऐकून घेत नव्हतो, ते आता माझं मीच सांगतो. दुःखात माणूस उठत नाही हे खोटं आहे. उठतो, आणि त्याला जे काम येतं तेच करायला लागतो. झेमो सोकोव्हिया या पिक्चरमधल्या काल्पनिक देशाच्या गुप्त लष्करी पथकातला. पाळत ठेवणं, पुरावे जमवणं, माणसं एकमेकांपासून फोडणं, एवढंच त्याला येतं, मग तो तेच करतो. मी बँकेत इन्स्पेक्शनला. नाना गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी निळी फाइल आणली. पेशंटचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असा २००२ चा नियम आहे, मला तीन महिने लागले. आता नर्सच्या ड्यूट्या, तापाचा तक्ता, कोणतं इंजेक्शन किती वाजता, सगळं एक्सेलमध्ये आहे. हिरवा, पिवळा, लाल. सुमी म्हणते, नानांचा फोटो तू एकदा नीट फ्रेम केला नाहीस आणि तापाला रंग देत बसलास.

मग ग्राहक आयोगात तक्रार केली. दोघांची लेखी उत्तरं आली. हॉस्पिटल म्हणतं, डॉक्टर आमचे नोकर नाहीत, बाहेरून येतात, निर्णय त्यांचा. डॉक्टर म्हणतात, आयसीयूचा स्टाफ हॉस्पिटलचा, मला वेळेत कळवलंच नाही. रात्री साडेअकराला ओट्यापाशी उभा राहून मी ते वाचलं आणि मोठ्याने हसलो. विन्या, तो हसण्याचा आवाज माझा नव्हता. आदित्य उठून बाहेर आला. झेमोला या सुपरहिरोंना मारायचंच नसतं, आपल्याकडून मरणार नाहीत हे त्याला ठाऊक असतं. ते आपसांत फुटले पाहिजेत, एवढंच त्याला हवं असतं. मलाही पैसे नकोच होते. मी त्या दोन कागदांकडे बघत होतो, आणि बायकोचा निरोप मिटवताना त्याच्या चेहऱ्यावर जी शांती आहे ना, तशी काहीतरी मला वाटत होती. (नंतर तो पिस्तूल काढतो. तेवढं मी पुढे ढकललं, आदित्य शेजारी होता म्हणून. तू लगेच गाडी काढू नकोस, तसलं काही नाही.)

त्याचं एक वाक्य मात्र पहिल्या वेळी माझ्या कानावरूनच गेलं होतं. बर्फात बसून तो ब्लॅक पँथर या दुसऱ्या हिरोला सगळं सांगतो. मुलगा गाडीच्या खिडकीतून आयर्न मॅन दिसला म्हणून खूश होता, आणि बायकोला मीच सांगितलं की काळजी करू नकोस, लढाई शहरात चाललीय, आपण लांब आहोत. *मीच सांगितलं.* पिक्चर तिथे थांबत नाही, पुढे जातो. मला विचारशील तर सगळा झेमो त्या वाक्यात आहे. नाना म्हणत होते, पित्ताशयाचं काय ते दिवाळीनंतर बघू. मी म्हणालो, छोटं ऑपरेशन आहे, आत्ताच उरकून टाकू. आणि ते हॉस्पिटल का निवडलं? पार्किंगची सोय चांगली होती. माझ्या एक्सेलमध्ये सगळे रंग आहेत, या दोन गोष्टींची ओळ नाही.

आता सगळा विजय तुला देत नाही. कारण पटलं, प्लॅन नाही पटत. १९९१ सालच्या आडरस्त्यावर, डिसेंबरातल्या रात्री, आयर्न मॅनच्या आईबापाचा खून नेमका कॅमेऱ्यात, आणि तीच फीत दाखवून हा हिरोंना फोडणार? आपल्या चौकातला आजही बंद असतो. आणि टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, एकटाच सायबेरियात येईल हे झेमोला कसं कळलं? दुःखाने माणसाला चिकाटी येत असेल, नशीब कुठून येतं?

आणि तुझा तो लाडका थॅनोस, पुढच्या पिक्चरमधला, उरलेल्यांना पुरावं म्हणून अर्धं विश्व मारणारा! २०१८ चं जग अर्धं केलंस तर उरतं १९७० च्या आसपासचं, म्हणजे आपल्या आयांच्या लग्नाच्या वेळचं. पन्नास वर्षांत जैसे थे. एवढं गणित न येणारा माणूस विश्व वाचवणार. त्याला दुःख नाही रे, मत आहे. ग्रुपवर रोज सकाळी मत पाठवणाऱ्या तुझ्या मेहुण्यासारखं.

बरं, मंगळवार. तारखेला गेलो तर आयोगाबाहेरच्या बाकावर डॉक्टर एकटेच बसलेले. वकील यायचा होता. मी शेजारच्या बाकावर. पावणेदोन वर्षं या माणसाशिवाय दुसरा विचार नाही, त्यांची सही मी झोपेत काढून दाखवीन, आणि इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. त्यांचे दोन्ही कान टोचलेले. लहानपणी टोचतात तसे, आता बुजत आलेले. नानांचे होते तसेच. कुणीतरी मांडीवर घेऊन बसलं असणार, सोनाराने तार ओढली असणार, रडले असतील. मी तेवढंच बघत राहिलो. आदित्यबरोबर पिक्चर बघितला होता म्हणून आठवलं, झेमो शेवटी कॅप्टनला काचेपलीकडून म्हणतो ना, वर्षभर तुझाच अभ्यास केला, आता समोर उभा आहेस तर दिसतंय की तुझ्या निळ्या डोळ्यांत थोडी हिरवी झाक आहे. २०१६ ला मी या वाक्यावर शिट्टी मारली होती.

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "पाऊस थांबला का?" मी म्हणालो, "नाही." पुकारा झाला, पुढची तारीख पडली, १९ ऑगस्ट. आमचे वकील म्हणतात, समोरून तडजोडीचं विचारतायत, तोपर्यंत ठरवा.

तुझ्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? आर्याची दहावी यंदा ना? तिला म्हणावं, काकाने गणिताच्या पेपरला काय दिवे लावले ते बाबाला विचारू नकोस. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं, ऑपरेशन म्हणत होत्या. मी सल्ला देणार नाही.

राजूच्या वेळी तू त्या ट्रकवाल्याच्या मागे किती महिने होतास. रत्नागिरीला चकरा, साक्षीदार, सगळं. मग एक दिवस जायचा बंद झालास. थकला असशील म्हणून मी विषय काढला नाही, खरं तर मला बरंच वाटलं होतं. तू का सोडलंस, विन्या? त्या दिवशी काय झालं होतं? १९ च्या आधी लिही. चार ओळी चालतील, पण लिही, फोन नको.

तुझा,
शिऱ्या