हद्द वाढली, शाळा कुणाची? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. हद्दवाढीची अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते. शाळा चालूच असते, पण ती जिल्हा परिषदेची की महापालिकेची, हे कागदावर ठरेपर्यंत तिला दोन मालक असतात. म्हणजे खरे तर एकही नसतो.

१९४७ च्या प्राथमिक शिक्षण अधिनियमात ‘प्राधिकृत’ नगरपालिकेची तरतूद आहे. शासनाने प्राधिकृत केलेली नगरपालिका शाळा स्वतः चालवते, इतर ठिकाणी त्या जिल्ह्याकडे राहतात. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी प्राथमिक व माध्यमिक शाळांचा स्पष्ट उल्लेख आहे. बाराव्या अनुसूचीत शहरांच्या वाट्याला शैक्षणिक बाबींना ‘चालना देणे’ एवढेच आले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मात्र कलम ९ मध्ये पटनोंदणीपासून इमारतीपर्यंत सगळा भार ‘स्थानिक प्राधिकरणा’वर टाकतो. हस्तांतराच्या मधल्या काळात हे प्राधिकरण कोण, ते एका ओळीत लिहिलेला नियम हवा.

आमची पहिली मागणी तारखेची आहे. अधिसूचना केव्हाही निघो, शाळेचा ताबा १ मे रोजीच द्यावा. तोवर आर्थिक वर्ष मिटलेले असते, निकाल लागलेले असतात आणि जूनच्या मध्यापर्यंत कारकुनी कामाला सहा आठवडे मिळतात. ताबा ऑगस्टमध्ये गेला तर ३० सप्टेंबरच्या पटावर शाळा कुणाच्या नावाने धरायची, यावर संच मान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवणे, अडते. यूडायसचा, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीचा, ११ अंकी क्रमांक तोच ठेवा, पण व्यवस्थापनाचा प्रकार ताब्याच्या दिवशीच बदला. तो तसाच राहिला तर पोषण आहाराचा तांदूळ जुन्या तालुक्याच्या यादीत निघतो. पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज १०० ग्रॅम, म्हणजे १२० मुलांच्या शाळेला दिवसाला १२ किलो. शिल्लक साठा मोजून दोघांच्या सहीने द्यावा.

सगळ्यात किचकट काम जमिनीचे. जुन्या शाळा गावठाणात, गायरानात किंवा कुणी तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. सातबाऱ्यावर कधी ग्रामपंचायत, कधी दात्याचे वारस. शेतजमीन बिनशेती होऊन भाव चढले की वारसांना शाळेची आठवण होते! म्हणून ताब्याआधीच मोजणी, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा (घर-मिळकतींच्या आकारणीचा) उतारा आणि असेल तर बक्षीसपत्र एका फायलीत लागले पाहिजे. नाव लागलेले नसेल तर तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज करण्याची जबाबदारी गटशिक्षणाधिकाऱ्यावर नावानिशी टाका.

दप्तरात जनरल रजिस्टर सर्वांत मोलाचे. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारीख, जातीची नोंद, सगळे त्यातून निघते. त्याचे स्कॅनिंग करून मूळ प्रत शाळेतच राहावी. डेडस्टॉकची, म्हणजे बाके-कपाटांसारख्या टिकाऊ सामानाची, यादी एका दिवसात होते.

वीजबिल किरकोळ वाटते, पण आजवर ते भरणारी ग्रामपंचायतच उरलेली नसते. मीटर नव्या नावावर होईपर्यंतची बिले कोण भरणार, ते हस्तांतराच्या आदेशातच लिहा.

आता शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार शासन देते. महापालिकेच्या शिक्षकाच्या पगारात पालिकेला स्वतःचा वाटा घालावा लागतो. त्यामुळे ताबा लांबला तर पालिकेच्या लेखा विभागाला फारसे दुःख होत नाही. पालिकेत जायचे की जिल्हा परिषदेत राहायचे, याचा शिक्षकाला लेखी विकल्प द्या, ३० दिवसांची मुदत द्या. जो जाईल त्याची सेवाज्येष्ठता, सेवापुस्तक, भविष्य निर्वाह निधी किंवा एनपीएसचे (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे) खाते अखंड चालू राहावे; जो राहील त्याचे समायोजन जिल्ह्यातच व्हावे. बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांची नोंद, दोन्हीकडे एकाच वेळी तपासून घ्या, नाहीतर आरक्षित पद इकडेही दिसत नाही आणि तिकडेही.

शेवटचा मुद्दा हद्दीबाहेर राहिलेल्या वाडीचा. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एम्पोरिया शहराला काउंटीपासून (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागापासून) वेगळी शाळाव्यवस्था हवी होती. १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अडवली, कारण त्यामुळे काउंटीतल्या शाळांमधला वर्णभेद मोडण्याच्या कामाला खीळ बसणार होती. आपला प्रश्न वेगळा आहे, पण मागे कोण राहते, हे हद्द आखताना इथेही पाहावे लागेल. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आणि हे अंतर मोजताना पालिकेची रेघ आडवी येऊ नये. हस्तांतराच्या दिवशी पटावर असलेल्या हद्दीबाहेरच्या मुलांना आणि त्यांच्या धाकट्या भावंडांना त्याच शाळेत, गणवेश आणि पुस्तकांसह, जागा राहील, असे कलम नियमात घालावे.

आपले,
जिल्हा परिषद आणि महापालिका, दोन्हीकडच्या शाळांचे दप्तर हाताळणारे आम्ही काही जण