रविवारची बैठक आणि रेल्वेचे चॅनेल

सर्व हॅम (हौशी रेडिओ) सदस्यांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला धंतोलीतल्या नेहमीच्या खोलीत जमायचं आहे. विषय: रेल्वे, मेट्रोचा रेडिओ कुठून कुठे चालला.

थोडी पार्श्वभूमी. लोको पायलट आणि गार्ड (आता ट्रेन मॅनेजर) यांच्या हातातला ५ वॅटचा व्हीएचएफ वॉकीटॉकी आपण सगळ्यांनीच पाहिलाय. चामडी कव्हर, वर चिकटपट्टीने बांधलेला अँटेना, आणि खरखरीतून येणारं "सिग्नल हिरवा". एकाच चॅनेलवर सगळे, त्यामुळे इटारसी, वर्धा, गोंदिया अशा चहूबाजूंच्या गाड्या नागपुरात भेटल्या की बोलणं एकमेकांवर चढतं. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ बँडमध्ये ५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम द्यायचं ठरवलं, ते एलटीईसाठी, म्हणजे ४जी मोबाइलच्या तंत्रावर चालणाऱ्या रेडिओसाठी. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेलाही त्याचा आधार मिळेल. आपल्याकडच्या मेट्रो मात्र बहुतेक ठिकाणी आधीच टेट्रा या डिजिटल रेडिओवर आहेत: २५ किलोहर्ट्झ रुंदीच्या एका वाहक लहरीत (कॅरियर) चार बोलणी. अमेरिकेत तर १ जानेवारी २०१३ पर्यंत ५१२ मेगाहर्ट्झखालच्या बहुतेक व्यावसायिक आणि सार्वजनिक सुरक्षा सेवांना २५ वरून साडेबारा किलोहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर यावं लागलं. बससेवांचे जुने सेट त्यातच बाद झाले.

आता मुद्द्याचं. मागच्या वेळी एका हँडसेटमध्ये रेल्वेचा चॅनेल भरलेला सापडला. बाप्पा, तो आधी पुसा! व्हीएचएफ हँडसेटवर आपला परवाना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा, त्याबाहेर पीटीटी (बोलण्याची कळ) दाबायची नाही.

येताना परवान्याची प्रत आणा. तर्री पोह्यांची वर्गणी तिथेच घेऊ.

— सचिव